डब्याऐवजी होडीला

क्वान्साक्रोम
९ जुलै १९९७

एफुवाताई,

पत्र आणि टोपली दोन्ही क्वेकू ड्रायव्हरच्या हाती देते आहे. वासाला तो नाक मुरडेल, पण तू लक्ष देऊ नकोस. टोपलीत डॉल्फिनचं मांस आहे, दोन रात्री धुरी देऊन कडक केलंय. वरच्या पानात पाठीचं आहे, खालच्यात पोटाकडचं. पोटाकडचं तांबड्या पामतेलात घाल, मिरची सढळ हाताने टाक आणि काबेन्ला भावजींना वाढ. एवढी वर्षं पाठवते आहे, पण त्यांनी कधी चांगलं म्हटलं का वाईट, ते तू कळवत नाहीस. तुमच्या न्वुलेसोच्या माणसांना बोलायला पैसे पडतात का गं?

यंदा तारल्या आल्याच नाहीत. हंगाम लागला तरी भट्ट्या थंड. बाया किनाऱ्यावर रिकाम्या परातीत पाय पसरून बसतात आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात. माझी भट्टी तेवढी चालू आहे, ती आपल्या एबोमुळे. तारली नाही तर नाही, तो डॉल्फिनच्या मागे जातो. त्याची स्वतःची होडी झाली, हे तुला कळवलंच नाही की! लांबच लांब, निळी आणि पिवळी. नाकावरच्या फळीवर स्वतःच्या हाताने नाव रंगवलंय, ‘आई जागी आहे’. मी म्हटलं, हे काय रे नाव? लोक होडीवर देवाचं नाव घालतात, नाहीतर शेजाऱ्याला टोमणा मारतात. तर म्हणाला, “अंधारात परत येताना तुझ्या भट्टीचा उजेड बघून वळतो. मग दुसरं कुणाचं नाव घालू?” मी तोंड फिरवून धुराच्या नावाने डोळे पुसले.

एक गोष्ट मला पटत नाही. भाल्याच्या लोखंडाला दोरी असते आणि दोरीच्या टोकाला मोठा रिकामा डबा बांधायचा, म्हणजे जनावर दमलं की डबा दिसतो, अशी आपली जुनी पद्धत. एबो म्हणतो, डबा बांधला की जनावर डब्यासकट पसार होतं. म्हणून पठ्ठ्या दोरी सरळ होडीच्या नाकालाच बांधतो. म्हातारे एजा बोंझी ओरडले त्याच्यावर. कुळाचे प्रमुख ते, ओरडायचंच त्यांनी. हा हसला. मी माझ्या नारिंगी कापडाची, ती गोगलगाईच्या नक्षीची, एक पट्टी फाडून त्याच्या लोखंडाच्या मानेला गुंडाळून दिली आहे. दांड्यात घट्टही बसतं आणि माझा हातही सोबत राहतो.

आणि खरी बातमी शेवटी. मान्साला दिवस गेलेत. आपली सून इतकी लाजते की सहावा महिना लागला तरी बातमी तिच्याआधी तिच्या पोटानेच सांगितली.

तुझी,
अरबा


न्वुलेसो
२१ जुलै १९९७

अरबा बाई,

टोपली पोचली. क्वेकूने नाक मुरडलं, पण टोपली खाली ठेवून गेला नाही, नीट माझ्या हातात दिली.

मान्साची बातमी वाचून मी अंगणात एकटीच नाचले. हे मला म्हणाले, गुडघे दुखतात म्हणून काल रडत होतीस ना? आजी होते आहे मी, म्हटलं, मावसआजी का असेना. गुडघ्यांनी थोडं सोसावं.

एबोला म्हणावं, एजा बोंझींचं ऐक. म्हाताऱ्या माणसांना ओरडायची हौस असते हे खरं, पण तो माणूस आयुष्यभर पाण्यात राहिलाय. आणि त्याला सांग, ईस्टरला इथे आला होता तेव्हा त्याचं हिरवं अंगावरचं कापड विसरून गेलाय. धुऊन, घडी करून पेटीत ठेवलंय. केपचं टोक ओलांडून पश्चिमेला आला की न्यायला ये म्हणावं. मावशीकडे उतरल्याशिवाय परत फिरायचं नाही.

मांसाबद्दल विचारलंस. खाण्याचं काय, तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं.

तुझी ताई


क्वान्साक्रोम
२४ ऑगस्ट १९९७

ताई,

एबो परत आला नाही.

बुधवारी पहाटे निघाला होता. सोबत योफी, ज्याला मागेपुढे कुणी नाही तो. पश्चिमेला जातो, केपच्या पलीकडे डॉल्फिनचा मोठा घोळका दिसलाय म्हणाला. तीन दिवसांत येतो, येताना मावशीकडून कापड घेऊन येतो, असंही म्हणाला. आज रविवार गेला, त्याच्या आधीचाही गेला. इथल्या दोन होड्या शोधून आल्या. काही नाही.

तुमच्याकडे आला का? तुमच्या बाजूला वादळ झालं होतं का? किनाऱ्यावर बघ, ताई. बाकीच्यांनाही बघायला सांग.

मी घाबरलेली नाही. एबो मंगळवारचा आहे. मंगळवारी आपल्याकडे कुणी दर्यात जात नाही, त्या दिवशी दर्या झोपतो. जे पोर दर्या झोपलेला असताना जन्मलं, त्याची दर्याकडे नोंदच नाही, मग तो त्याला नेईल कसा? ही माझी आपली लहानपणापासूनची समजूत आहे. तू हसायचीस. आता हसू नकोस.

भट्टी मी विझू देत नाही. धुरी द्यायला काही नसलं तरी लाकडं घालते. उजेड दिसला पाहिजे.

अरबा


न्वुलेसो
२ सप्टेंबर १९९७

अरबा,

पत्र मिळालं. वादळ झालं नव्हतं, पण इकडे दोन दिवस लाटा उंच होत्या. काबेन्ला रोज सकाळी किनाऱ्याने दूरवर चालत जातात, मी संध्याकाळी जाते. माणूस कुणी आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात एक मेलेला डॉल्फिन तेवढा वाहत आला. वाहून आलेला इथे कापत नाहीत. गावाने रीतीप्रमाणे पुरला. प्रमुखांनी दारू शिंपडली, ढोल वाजले, आठवडाभर जाळी बंद ठेवली. गुंडाळायला घरटी एक कापड द्यावं लागतं, मीही दिलं.

तू जेवत जा. मान्सालाही जेवायला लाव. आणि जरा झोप.

तुझी ताई


क्वान्साक्रोम
२८ सप्टेंबर १९९७

ताई,

तोंड गोड कर! एबोचा पत्ता लागला!

आपल्या बाजारात कोळसा विकणारी बाई आहे, तिचा भाचा आबिदजानच्या बंदरात माल उतरवतो. तो म्हणतो, तिथे एक नवा माणूस आलाय, आपल्यासारखाच फांती, उंच, डाव्या भुवईवर व्रण. एबोच्या डाव्या भुवईवर व्रण आहे! लहानपणी भट्टीच्या कडेवर आपटला होता, आठवतं ना? पश्चिमेला गेला होता, वाहत आणखी पश्चिमेला गेला, सरहद्द ओलांडली. कागद नसतील म्हणून परत येता येत नसेल. काबेन्ला भावजींचा पुतण्या आबिदजानला आहे ना? त्याला लगेच निरोप धाड.

इथे सगळ्यांना घाई झाली आहे. एजा बोंझी परवा काठी टेकत आले आणि म्हणाले, “अरबा, अंत्यविधीचा शनिवार ठरवू या. देह मिळाला नाही तर कपडे पुरतात. मान्साला काळं नेसू दे. तिने बायको म्हणून बसायचं की विधवा म्हणून, हे त्या पोरीला कळायला नको?”

मी म्हटलं, “कपडेच पुरायचे तर तुमचे आणा. नाहीतरी वर्षभर धुतलेले नाहीत.”

म्हातारा हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

मान्सा काही बोलत नाही. पोट एवढं वर आलंय, दिवस भरत आले. रोज संध्याकाळी माझ्याशेजारी भट्टीपाशी येऊन बसते आणि लाकूड पुढे सरकवते. तिला खरं वाटतं की माझं मन राखते, ते कळत नाही.

आणि तुम्ही डॉल्फिन पुरलात म्हणे! इथे भट्ट्या ओस पडल्यात आणि तुम्ही एवढं मांस मातीत घालून वर ढोल वाजवता! मला निरोप दिला असतास तर क्वेकूची गाडी घेऊन आले असते. चेष्टा करते आहे गं. आज कितीतरी दिवसांनी चेष्टा सुचली.

सोबत थोडं मांस पाठवते. दुसऱ्याच्या होडीचं आहे, पण धुरी माझी आहे.

अरबा


न्वुलेसो
१५ ऑक्टोबर १९९७

अरबा,

पुतण्या दोनदा बंदरात जाऊन आला. त्या माणसाला भेटला, त्याच्याशी बोलला. तो आपला एबो नाही, बाई. त्याचं नाव ईसुमन, सेकोंडीचा आहे, वयानेही बराच मोठा. व्रण आहे, पण कपाळावर.

मला वाटतं, एजा बोंझी म्हणतात त्याचा विचार करावास. मान्साकडे बघ. तिला बोलताही येत नाही आणि रडताही येत नाही. शनिवार ठरला तर मी येईन, चार दिवस तुझ्याजवळ राहीन. रागावू नकोस.

तुझी ताई


क्वान्साक्रोम
३० ऑक्टोबर १९९७

ताई,

रागावू नकोस म्हणालीस म्हणून नीट रागावते.

मान्साला मुलगी झाली. बुधवारची आहे, म्हणून एकुआ म्हणतो. पण तेवढं नाव तर वार बघून कुणीही हाक मारेल. बापाने द्यायचं ते नाव राहिलंय. आठव्या दिवशी पहाटे माणसं जमली. पाणी आणलं, दारू आणली, पोरीच्या जिभेवर थेंब ठेवायला एजा बोंझींनी बोट बुडवलं. मी म्हटलं, बाप येईल आणि नाव ठेवील, तुम्ही नुसतं पाणी-दारू करा. ते म्हणाले, बाळाला अर्धं नाव देऊन दारात ताटकळत ठेवता येत नाही. मग सगळ्यांसमोर त्यांनी उच्चारलं, “आंतोबाम.”

बाप गेल्यावर जन्मलेलं. बापाला न भेटलेलं. माझ्या नातीला!

मी पोर त्यांच्या हातातून ओढून घेतलं. पाण्याचा पेला पडला. बाया म्हणाल्या, अरबाला वेड लागलं. लागू दे. ते नाव या घरात कुणी घेणार नाही. ज्या दिवशी मी तिला त्या नावाने हाक मारीन, त्या दिवशी मीच माझ्या मुलाला बुडवलं असं होईल.

आज मान्साची आई आली होती. म्हणते, मुलगी नि नात घेऊन जाते, इथे ना लग्न ना सुतक. मान्सा गेली नाही. म्हणाली, “आई जागी आहे तोवर मीही आहे.” होडीचं नाव घेतलं की माझं, देव जाणे.

आणि तू! तू लांब बसून सांगतेस, विचार कर. तुझी पोरं कुमासीत, कुणी मास्तर, कुणी शिंपी. कुणी पाण्यात पाय घालत नाही. तुला काय कळणार? तुझ्याकडे काही असेल तर सांग. नसेल तर मला ‘विचार कर’ म्हणू नकोस.

अरबा


न्वुलेसो
९ नोव्हेंबर १९९७

अरबा, माझ्या बाई,

माझ्याकडे आहे. तू बसून वाच. मान्साला जवळ बसव.

तो डॉल्फिन वाहत आला तेव्हा सकाळ होती. आधी पोरांनी पाहिला, मग प्रमुखांचा ढोल वाजला, मग आम्ही सगळे गेलो. पाठीत लोखंड होतं. दांडा मोडलेला. लोखंडाला दोरी होती आणि ती लाटांत मागेपर्यंत गेलेली. माणसांनी दोरी ओढली. दोरीच्या टोकाला डबा नव्हता. होडीच्या नाकाची फळी होती, मुळापासून उखडलेली, निळी आणि पिवळी. तिच्यावरचा पहिला शब्द तुटून गेला होता. राहिलं होतं ते एवढंच, ‘जागी आहे’.

मी पुढे होऊन लोखंडाच्या मानेवरची पट्टी पाहिली. नारिंगी. गोगलगाय. ते कापड आपण दोघींनी एकाच बाजारात घेतलं होतं, माझं अजून पेटीत आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. मग लोक घराघरांतून कापडं गोळा करायला लागले. मी घरी आले आणि पेटीतून एबोचं हिरवं कापड काढलं. प्रमुखांनी विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, माझ्या मुलाचं. त्यांना वाटलं, कुमासीच्या. त्यांनी ते सगळ्यात आत, अंगालगत गुंडाळलं. मग मी रडले. इतकी रडले की बाया एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या, “काबेन्लाची बायको माशाला एवढी रडते, नवऱ्याला काही शिल्लक ठेवणार आहे की नाही?” मी त्यांना हसू दिलं. त्यांच्या ढोलात, त्यांच्या दारूत मी आपल्या एबोचं सगळं उरकलं. फक्त नाव मनात घेतलं.

त्या जनावराने त्याला ओढत नेलं आणि त्यानेही त्या जनावराला सोडलं नाही. दोघांत कोण आधी गेलं ते पाण्यालाच ठाऊक. मावशीकडे उतरल्याशिवाय परत फिरायचं नाही असं मीच म्हटलं होतं. तो उतरला, अरबा.

तुला का नाही लिहिलं? तुझं पहिलं पत्र आलं, त्यात तू भट्टीत लाकडं घालत होतीस. मी कागद घेऊन बसले आणि ‘माणूस कुणी आलेलं नाही’ एवढंच लिहिता आलं. मग आबिदजान आलं. तू चेष्टा केलीस. कितीतरी दिवसांनी सुचली म्हणालीस. ती चेष्टा मी कशी मोडू? मला वाटलं, आशा आपोआप हळूहळू झिजेल, मला काही करावं लागणार नाही. पण ती नात आली आणि तिला नाव नाही, असं व्हायला नको होतं.

आणखी एक. आज सांगतेच आहे तर सगळं सांगते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून डॉल्फिन खाल्लेला नाही. इथे तो खाणं म्हणजे घरातल्या माणसाला खाणं. तू पाठवलेलं प्रत्येक पान मी अंगणातल्या माडाखाली पुरलं. फेकलं नाही कधी. तुझ्या हातचं होतं म्हणून फेकवलं नाही, आणि त्यांचं होतं म्हणून खाववलं नाही.

फळी आणि लोखंड मी क्वेकूबरोबर पाठवते आहे. खरं तर लोखंड इथे मेलेल्याजवळ ठेवत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे होतं. पट्टी सोडलेली नाही.

शिव्या दे. पण पत्र लिही.

तुझी ताई


न्वुलेसो
१७ डिसेंबर १९९७

अरबा,

क्वेकू म्हणतो, पार्सल तुझ्याच हातात दिलं आणि तू काही न बोलता दार लावलंस. त्यानंतर तो चार वेळा रिकामा आला. दर वेळी मी रस्त्यावर जाऊन उभी राहते.

दुसरं काही लिहीत नाही. नुसतं ‘आहे’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

ताई


क्वान्साक्रोम
१८ जानेवारी १९९८

ताई,

आहे.

उत्तरेचा धुळीचा वारा सुटलाय, ओठ फुटलेत, कागदावर बोटांचे ठसे उमटताहेत. तरी लिहिते.

पार्सल आलं त्या दिवशी मी लोखंड मांडीवर घेऊन बसले. पट्टीची गाठ माझीच होती. मीठ खाऊन घट्ट झाली होती, सुटेना. मग फळी उचलली आणि भट्टीशी गेले. खोटं नाही सांगत, जाळायलाच गेले होते. मला वाटलं, ही जळली की काही झालंच नाही. मान्साने मागून येऊन दुसरं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून उभी राहिली. आम्ही दोघी किती वेळ तशा उभ्या होतो! मग ती म्हणाली, “आई, आता मला रडू दे ना.”

तेवढंच. कधीपासून ती माझ्या परवानगीसाठी थांबली होती, ताई. मला वाटत होतं, मी तिला सांभाळते आहे.

त्या रात्री भट्टी विझली. मी विझवली नाही, लाकूड घालायचं राहिलं.

तुझ्यावर चिडले होते. खूप. मग एक गोष्ट मनात आली आणि ती जाईना. तो डॉल्फिन तुमच्याकडे लागला म्हणून बरं झालं. इथे लागला असता तर मी काय केलं असतं? परात घेऊन धावले असते. सगळ्यांत आधी. लोखंड काढून बाजूला टाकलं असतं, कापलं असतं, मीठ लावलं असतं, धुरी दिली असती. आणि त्यातलं पोटाकडचं तुला पाठवलं असतं, तांबड्या तेलात घाल म्हणून. माझ्या मुलाचा शेवटचा निरोप मी बाजारात विकला असता. तुझ्या गावाच्या वेडेपणामुळे त्याला हिरवं कापड मिळालं. ते त्याला खांद्यावर शोभायचं. अंगालगत गुंडाळलं म्हणालीस ना? नीट? सैल नव्हतं ना?

माडाचं मात्र मी विसरणार नाही. एवढी वर्षं! दोन-दोन रात्री डोळे चुरचुरवून मी धुरी द्यायची आणि तू नेऊन खड्ड्यात घालायचीस! वर ‘तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं’. मीठ तरी झटकून घ्यायचंस, बाई. नारळ खारट लागतात का सांग.

गेल्या शनिवारी सगळं केलं. एजा बोंझींनी माझ्याकडे कपडे मागितले, मी लोखंड दिलं. इथे ते मेलेल्याजवळ चालतं. पट्टीसकट पुरलं. योफीचंही नाव घेतलं, त्याच्यासाठी मीच रडले, दुसरं होतं कोण? म्हाताऱ्याने धुतलेलं काळं नेसलं होतं. मी म्हटलं, एजा, तुमचे कपडे धुतलेले बघायला मला मुलगा द्यावा लागला. तेव्हा तो माणूस भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. एबोला दोरी बांधायला त्यानेच शिकवलं होतं, डब्याला बांधायला.

तू नव्हतीस. मी कळवलं नाही. तू तिथे एकटीने केलंस, म्हटलं मीही इथे तुझ्याविना करून बघते. नाही जमत गं. पुढच्या महिन्यात येते. मला ती जागा दाखव.

भट्टी पुन्हा पेटवली आहे. तारल्या आल्या तर तारल्या, डॉल्फिन आला तर डॉल्फिन. तुला आवडणार नाही, पण मान्साचं दूध आटू नये म्हणून मला काहीतरी विकावंच लागेल. फक्त आता जनावर आलं की कापण्याआधी मी पाठीवर हात फिरवून बघते. काही अडकलंय का, कुणाचं काही आलंय का. बाया हसतात. हसोत. तुला टोपली पाठवत जाईन ती सुक्या कोळंबीची. ती तरी खा.

फळी भट्टीच्या वर, भिंतीला ठोकली आहे. ‘जागी आहे’. मान्सा म्हणाली, पुढे ‘आई’ रंगवू या का? मी नको म्हटलं. जे पाण्याने ठेवलं तेवढंच असू दे. मी हल्ली झोपते. आता घरात जागं राहणारं दुसरंच कुणी आहे, दर दोन तासांनी ओरडतं.

अजून लिहायचं होतं, पण आंतोबाम उठली. घेते तिला.

तुझी,
अरबा